बांधकाम नियमांतून सूट : मागतं कोण, देतं कोण आणि भोगतं कोण?

काटकोन (धागाकर्ता)

या विभागात चटई क्षेत्र, पार्किंग, अग्निशमन यांवर पुष्कळ लिहून झालंय. पण प्लॅन नामंजूर झाला, किंवा अटी घालून मंजूर झाला, की पुढे अपिलात काय घडतं यावर जवळजवळ काहीच नाही. त्यातही रॅम्प, लिफ्ट, दाराची रुंदी, स्वच्छतागृह अशा सुगम्यतेच्या बाबींवरची अपिलं म्हणजे अगदीच अडगळीतला विषय. सध्या मी वेगवेगळ्या ठिकाणच्या अपील मंडळांचे निर्णय वाचतोय. वाचून जे मत झालंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं: मंडळ कडक आहे की सैल याने फारसं बिघडत नाही. अपिलाचा हक्क कोणाला दिलाय, तिथे खरी मेख आहे.

अमेरिकेत बरीच शहरं आणि राज्यं 'इंटरनॅशनल बिल्डिंग कोड' थोडेफार बदल करून लागू करतात. त्यात अपील मंडळाची तरतूद आहे आणि अपिलाला तीनच कारणं चालतात. नियमाचा अर्थ अधिकाऱ्याने चुकीचा लावला. नियम या प्रकरणाला पूर्णपणे लागूच होत नाही. किंवा आम्ही सुचवतोय ती रचना नियमाइतकीच किंवा त्याहून सरस आहे. आणि नियम माफ करायचा अधिकार मंडळाला नाही, हेही तिथेच लिहिलंय. 'परवडत नाही हो साहेब' हे तिथे कारणच होत नाही.

कॅलिफोर्नियाचं वेगळं आहे. तिथल्या आरोग्य व सुरक्षा संहितेच्या कलम १९९५७.५ मध्ये सुगम्यतेच्या अपिलांसाठी पाच जणांचं स्थानिक मंडळ सांगितलंय: दोन सदस्य शारीरिक अपंगत्व असलेले, दोन बांधकामातले जाणकार, एक सामान्य नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोचं 'ॲक्सेस अपील्स कमिशन' याच धर्तीचं. 'अवाजवी अडचण' हे कारण दाखवून तिथे काही बाबतींत सूट मिळू शकते. पण याच कलमात अपील 'कोणीही व्यक्ती' करू शकते असं म्हटलंय. सूट नाकारली तर मालक जाईल, सूट दिली तर त्या सुटीविरुद्ध व्हीलचेअर वापरणारी एखादी बाई जाईल. बाकी बऱ्याच ठिकाणी हे दुसरं दार बंदच असतं. अर्जदार आणि अधिकारी यांची कुस्ती चालते, आणि नियम ज्याच्यासाठी केला तो माणूस आखाड्याच्या आसपासही नसतो.

जाणकारांनी भर घालावी.

मुंगी_साखरेची

रुमाल टाकून ठेवते. रात्री सावकाश वाचते.

ओळंबा

विषय चांगला घेतलात, पण मालक म्हणजे खलनायक असा सूर लागायच्या आत आर्किटेक्टची बाजू मांडतो. एक साधी केस घ्या. जुनी इमारत, रस्त्यालगत दुकान, दारात एकच पायरी, उंची १७५ मिमी. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा पायरीचं काय ते! आता १:१२ चा (१ चढाला १२ लांबी) उतार लावा. २१०० मिमी लांबीचा रॅम्प झाला. वर दाराशी व्हीलचेअर थांबवायला नि वळवायला साधारण १५२५ मिमीची सपाट जागा. झाले साडेतीन मीटरच्या वर. हे बाहेर काढावं तर फूटपाथ सार्वजनिक. आत घ्यावं तर दार तेवढं मागे सरकतं आणि दुकानाचा दर्शनी भाग, ज्याचं भाडं सर्वांत जास्त, तो रॅम्पखाली जातो. जमीनच खाली घ्यावी तर खाली तळघर, त्याची तुळई आड येते.

जुन्या जागेत जागेची अडचण असेल तर अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, मानकांत १:१० चा उतार चालतो, पण १५० मिमी चढापर्यंतच. १:८ चालतो तो ७५ मिमीपर्यंत. आमची पायरी १७५ ची. पंचवीस मिलिमीटरने गाडी अडते. अशा वेळी मंडळापुढे जाण्यावाचून आर्किटेक्टपुढे पर्याय काय?

चाकोरीबाहेर

ओळंबा, पर्याय काय सुचवला जातो ते मला चांगलं माहीत आहे. 'मागचं दार'. मी व्हीलचेअर वापरते, आणि मागच्या दारांवर मी एक वेगळा धागा काढू शकेन.

नकाशावर ते दार सुरेख दिसतं. रुंदी बरोबर, उंबरठा १३ मिमीच्या आत, बाणाची खूण. प्रत्यक्षात दाराशी रिकामे खोके रचलेले, कचऱ्याचे डबे वाटेत, दार आतून कडी लावलेलं. बेल असते, पण ती बसवलेली असते उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. समजा हात पोचला, तर ती वाजते काउंटरपाशी आणि काउंटरवरचा मुलगा नवा असतो, त्याला ती कशाची बेल हे ठाऊकच नसतं. हा सगळा कारभार कागदोपत्री 'समतुल्य सुविधा' म्हणून मंजूर झालेला असतो.

निर्णयात एक वाक्य वाढवलं असतं तरी पुष्कळ झालं असतं: दुकान उघडं असेल तोवर हे दार बाहेरून उघडता आलं पाहिजे. सूट देताना माप लिहितात, वापर लिहित नाहीत. माझं भांडण सुटीशी नाही, या अर्धवटपणाशी आहे.

वकीलपत्र

कायद्याची बाजू थोडी विस्ताराने लिहितो, कारण इथे फार गोंधळ असतो.

अमेरिकेत स्थानिक मंडळाने सूट दिली म्हणून मालक सुटला असं नाही. अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट, म्हणजे एडीए, हा १९९० चा नागरी हक्कांचा कायदा आहे. स्थानिक इमारत विभाग त्याची अंमलबजावणी करत नाही. ते काम न्याय विभागाचं आणि न्यायालयांचं. मंडळ सूट देतं ती राज्याच्या किंवा शहराच्या संहितेतून. त्याच दारावरून फेडरल कोर्टात वेगळा दावा होऊ शकतो आणि 'मंडळाचं पत्र आहे माझ्याकडे' हा बचाव तिथे पुरत नाही. कित्येक मालकांना हे कोणी सांगतच नाही.

दुसरं, 'तांत्रिकदृष्ट्या अशक्य' हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो. एडीएच्या २०१० च्या मानकांत त्याची व्याख्या आहे. इमारतीच्या सांगाड्याचा अत्यावश्यक भाग असलेला भार पेलणारा घटक काढावा किंवा बदलावा लागत असेल, किंवा जागेच्या अन्य भौतिक मर्यादा आड येत असतील, तर अशक्य. खर्च त्यात बसत नाही. खर्चासाठी वेगळी तरतूद आहे: मुख्य वापराच्या भागात बदल करताना तिथवर जाणारी वाट सुगम करायचा खर्च मूळ कामाच्या २० टक्क्यांच्या वर जात असेल तर तो प्रमाणाबाहेरचा धरतात. पण मग २० टक्क्यांपर्यंत जे होईल ते करावंच लागतं, आणि त्यालाही क्रम आहे. आधी प्रवेशद्वार, मग आतली वाट, मग स्वच्छतागृह, मग टेलिफोन, पिण्याचं पाणी, आणि शेवटी पार्किंगसारख्या उरलेल्या बाबी.

मॅसॅच्युसेट्समध्ये हे काम राज्यपातळीवरचं 'आर्किटेक्चरल ॲक्सेस बोर्ड' करतं. तिथे सूट हवी तर 'अव्यवहार्यता' सिद्ध करावी लागते: एक तर तंत्राने अशक्य, नाही तर खर्च अवाढव्य आणि त्या मानाने अपंग व्यक्तींना फायदा नगण्य. या दुसऱ्या भागाकडे लक्ष द्या. नुसता खर्च दाखवून भागत नाही, फायदा किती हेही तराजूत टाकावं लागतं.

काटकोन यांच्या मूळ मुद्द्याशी सहमत. आपल्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम ४७ बघा. परवानगी नाकारली किंवा अटींवर दिली तर अपील राज्य सरकारकडे, आणि ते करणार कोण, तर अर्जदार. चुकीची परवानगी मिळाल्याने ज्याची वाट अडली, त्याचा तिथे उल्लेखही नाही.

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं मोठ्या कॉर्पोरेट इमारतींना ठीक आहे. छोट्या धंदेवाल्याने वर्षातून एखाद्या गिऱ्हाइकासाठी दर्शनी भाग फोडायचा? आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला रॅम्प करायला लावला. व्हीलचेअरवालं कोणी फिरकतच नाही, रॅम्पवर कुत्री झोपतात.

चाकोरीबाहेर

रोखठोक, कुत्र्यांना तरी सोय झाली म्हणायची. (हलके घ्या.)

ज्या दुकानात जाता येत नाही तिथे कोणी दिसणार कसं? आणि एकाच दुकानाला रॅम्प, बाकी अख्ख्या रस्त्याला पायऱ्या, तर त्या एका दुकानासाठी मी घर सोडून निघत नाही. तुम्ही मोजताय ती संख्या जागेने ठरवलेली आहे. शिवाय रॅम्पवरून कोण जातं ते एक दिवस उभं राहून बघा. बाबागाडी, चाकांची बॅग, गुडघे धरून चालणाऱ्या आजी, माल आणणारा हमाल.

काटकोन

रोखठोक यांचा खर्चाचा मुद्दा अगदीच झटकून टाकता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या संहितेत अवाजवी अडचण ठरवताना पाच गोष्टी बघायला सांगितल्यात. सुगम्यतेचा खर्च. एकूण कामाचा खर्च. त्यामुळे प्रकल्प आर्थिकदृष्ट्या तगतो का. सुगम्यता नेमकी किती मिळते किंवा जाते. आणि त्या जागेचा वापर काय, अपंग व्यक्तींना ती कितपत उपलब्ध आहे. म्हणजे छोट्या दुकानदाराचं ऐकून घेतात. फक्त हे निष्कर्ष तपशिलासह दप्तरी नोंदवावे लागतात. 'अडचण मान्य' असा एका ओळीचा शेरा मारून मोकळं होता येत नाही.

छाननी

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण इथे लिहावंसं वाटलं. माझं काम नकाशे तपासण्याचं. कुठे, ते विचारू नका.

आधी ओळंबा यांची पायरी. तुमचे पंचवीस मिलिमीटर दुकानात नाहीत, फूटपाथवर आहेत. फेडरल मानकांत चालण्याच्या वाटेला आडवा (म्हणजे रुंदीच्या दिशेने) उतार १:४८ पर्यंत चालतो. समजा फूटपाथ २४०० मिमी रुंद आहे आणि जवळजवळ सपाट आहे. रस्त्याकडची कड तशीच ठेवून इमारतीकडची कड उचलली, तर २४०० भागिले ४८, ५० मिमी मिळाले. पायरी राहिली १२५. आता १:१० चा १२५० मिमीचा उतार पुरतो, आणि दार सव्वादोन मीटरने कमी आत... नाही, सव्वादोन नाही, ८५० मिमीने कमी आत जातं. शेजाऱ्यांच्या दारांपर्यंत ती उंची हळूहळू उतरवावी लागेल, पाणी कुठे वाहील ते दाखवावं लागेल, रस्ते विभागाची परवानगी लागेल. कटकट आहे, कबूल. पण 'अशक्य' म्हणायच्या आत हे कागदावर यायला हवं. आणि काही राज्यांचे नियम फेडरल मानकांहून कडक असतात, १:१० तिथे चालतंच असं नाही. ते आधी तपासा.

अपिलाच्या फायलींत मला सतत दिसणारी गोष्ट सांगतो. अर्जात 'जागा नाही' लिहिलेलं असतं आणि सोबत असतो फक्त प्लॅन. छेद (इमारत उभी कापली तर कशी दिसेल ते चित्र) नसतो. रॅम्पचा प्रश्न उंचीचा आहे आणि उंची प्लॅनमध्ये दिसत नाही! रस्त्याची पातळी, फूटपाथच्या दोन्ही कडांची पातळी, जोत्याची पातळी, आतली फरशी, तुळईचा तळ, एवढं एका छेदात दाखवलं तर निम्मा वाद सुनावणीच्या आधीच मिटतो. फोटोही असतात, पण सगळे समोरून. पायरीशेजारी उभी पट्टी धरून काढलेला एक फोटो कोणी जोडत नाही.

निर्णयांबद्दल चाकोरीबाहेर ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. मी त्यात भर घालतो ती अशी. सूट एका घटकाला असते, इमारतीला नसते. या दाराच्या या उताराला सूट, एवढंच. पण निर्णय ढोबळ शब्दांत लिहिला की पाच वर्षांनी नवा भाडेकरू येतो, आतलं सगळं तोडून नवं करतो, आणि जुनं पत्र पुढे करतो: 'या जागेला सूट आहे.' दरम्यान शेजारचं दुकान त्याच मालकाने घेतलेलं असतं, तिथून सपाट वाट सहज निघते. अडचण संपलेली असते, सूट मात्र वंशपरंपरागत चालू. पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी प्रश्न नव्याने तपासला जाईल, ही ओळ निर्णयात हवीच. आणि अटी पाळल्या जातात का ते बघायला बहुतेक ठिकाणी कोणी नेमलेलंच नसतं. बेल बंद पडली हे आम्हाला कळतं ते कोणी तक्रार केली तरच.

ओळंबा

छाननी, फूटपाथची युक्ती मान्य. पण त्यासाठी दुसऱ्या खात्याच्या पायऱ्या झिजवायच्या, तोवर मालक आर्किटेक्ट बदलतो. मंडळाने सुनावणीतच रस्ते विभागाला बोलावलं तर? प्लॅटफॉर्म लिफ्टचंही तेच. अस्तित्वातल्या इमारतीत ती मानकांनुसार चालते, तरी अर्ध्या वेळा आमच्याकडूनच सुचवली जात नाही, कारण तिची देखभाल कोण करणार यावर मालक आडून बसतो. मग ती बंद पडते आणि आत खुर्च्या रचून ठेवतात.

पांढरीकाठी

या धाग्यावर आतापर्यंत सगळं चाकांवर चाललंय. आम्हीही आहोत!

वर फूटपाथ उचलायची युक्ती दिली आहे, छान आहे. पण सगळं सपाट करण्याच्या उत्साहात जिथे फूटपाथ संपून रस्ता सुरू होतो ती कडही घालवतात. व्हीलचेअरला ते सोयीचं. मला मात्र काठीने जाणवणारी तीच एक खूण होती. ती गेली की मी गाड्यांच्या मध्ये उभा. म्हणून तिथे उंचवट्याच्या फरशा लागतात. जपानमध्ये सेइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्याकडेला बसवल्या गेल्या. इतकी वर्षं झाली, तरी 'फरशा दिसायला बऱ्या नाहीत' असं म्हणणारे डिझायनर भेटतात.

मंडळावर दोन अपंग सदस्य असणं चांगलंच. पण दोघेही व्हीलचेअर वापरणारे असतील तर माझी बाजू बोलणार कोण? म्हणून काटकोन यांचं 'कोणीही व्यक्ती' मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सदस्य पाचच असणार. दार उघडं असेल तर ज्याला ठेच लागली तो स्वतः येऊन सांगेल.

रोखठोक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मुंगी_साखरेची

सगळं वाचलं. वकीलपत्र, एक शंका. आपल्याकडे अपिलाचं दार अर्जदारापुरतंच, मग बाकीच्यांनी काय करायचं? नव्या इमारतीला रॅम्पच नाही आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय, असं असेल तर?

वकीलपत्र

मुंगी, तसं प्रमाणपत्र मुळात मिळायलाच नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार केंद्राने केलेल्या सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या बांधकामाला परवानगीही देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत. नियम आले २०१७ मध्ये. मुदत कधी संपली ते मोजा.

अडचण अशी झाली की त्या नियमांतल्या १५ व्या नियमाने ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं, त्यांची भाषाच 'करावे', 'असल्यास बरे' अशा वळणाची. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम शिफारशी करतो, हे चालणार नाही, असा त्याचा गाभा. किमान सक्तीचे निकष वेगळे काढून तीन महिन्यांत नियम करा, असा आदेश केंद्राला दिला.

वाट म्हणाल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यासाठी तुम्ही अर्जदार असण्याची गरज नाही. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणाला ती पाळावी लागते, किंवा का पाळत नाही ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. शिफारसच ती, हुकूम नव्हे. पण नकाराचं लेखी कारण हातात आलं की उच्च न्यायालयात जायला पाय रोवता येतो. तक्रारीत 'अपंगांची गैरसोय होते' असं मोघम लिहू नका. कोणतं दार, किती मिमीची पायरी, कोणत्या तारखेचा दाखला, हे लिहा.

काटकोन

वकीलपत्र, हे हवंच होतं. फरक इतका की कॅलिफोर्नियात त्या मंडळाचा निर्णय इमारत विभागावर अंतिम आणि बंधनकारक असतो, लबाडी किंवा अधिकाराचा उघड गैरवापर असेल तरच अपवाद. आणि ते काम शहरातल्या शहरात होतं. एका बेलसाठी उच्च न्यायालयात जाणार कोण? स्थानिक पातळीवर असं मंडळ हवं आणि त्याच्याकडे जायला अर्जदार असण्याची अट नको, एवढंच माझं म्हणणं.

ओळंबा, रस्ते विभागाला सुनावणीत बोलवायची सूचना आवडली. नियमात लिहून घेण्यासारखी आहे.

ओळंबा

हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट), उद्या साइटवर जायचंय. छाननी, जाता जाता एक विचारतो. रॅम्प नकाशावर बरोबर १:१२ दाखवला होता, जागेवर मोजला तर किंचित जास्त भरला. दाखला अडलाय. यासाठी अपिलात जावं का?

छाननी

जाऊ नका, तोडून पुन्हा घाला. मंडळ तुम्हाला विचारेल की चुकायला वाव का ठेवला नाही, आणि त्याला उत्तर नाही. १:१२ ही कमाल मर्यादा आहे, डिझाइनचं माप नव्हे. गवंड्याचा हात, फरशीची जाडी, शेवटच्या घटकेला कोणीतरी बदललेला दगड, या सगळ्यात पाच-दहा मिमी जातातच. जागा असेल तिथे नकाशावरच १:१४ काढा. आणि काँक्रीट ओतायच्या आधी साच्यावर स्वतः डिजिटल लेव्हल ठेवून बघा, एकाच ठिकाणी नाही, वर, मध्ये आणि खाली.